जुन्या गाडीचे बोल

वाहनकर्जाच्या टेबलावर कागद वाचून भागते. जुनी गाडी मात्र कानांनी वाचावी लागते. विकणारा आधी सीटकव्हरे दाखवतो आणि चक्कर मारायला निघताच रेडिओ लावतो. तो प्रथम बंद करावा, काचा खाली घ्याव्यात.

अँबॅसिडर-पद्मिनीला मागची चाके ढकलत. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिला पुढची चाके ओढू लागली. ओढायचेही आणि वळायचेही, म्हणून ॲक्सलला सांधे आले. त्यांचे रबरी बूट फाटले की ग्रीस जाते, धूळ शिरते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताच कट-कट ऐकू येते.

वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची, नाहीतर वेडेवाकडे झिजलेल्या टायरची. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. घरघर तेव्हा वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. टायर सहसा वळणाला भीक घालत नाही.

बारीक खड्ड्यांवरचा खडखडाट बहुधा बुशचा, फारसा घातक नाही. पण तसाच ठोका बॉल जॉइंटही देतो, आणि तो निखळला तर चाक भलतीकडे वळते. माझी भाची पोरांना घेऊन वरंधा घाटातून ये-जा करते. तिने पसंत केलेल्या गाडीचे चाक मी जॅकवर उचलायला लावले. मेकॅनिकने खाली पहार घालून रेटली. सांधा सरळ हलला.

"काका, शॉकअपचा आवाज असतो हो तो!" विकणारा म्हणाला.

"मामा, रंग किती छान आहे," भाची कुजबुजली.

नवा जॉइंट बसला, पुन्हा चक्कर झाली, मगच मी तिला चेकबुक उघडू दिले.