विश्लेषण : पेत्र पंगतीतून उठला आणि ‘विश्वास की नियम’ वाद पेटला

येशूचा शिष्य पेत्र अंत्युखियात (आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या) यहुदी नसलेल्या ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली आणि तो पंगतीतून बाजूला झाला. पौलाने त्याला चारचौघांत सुनावले. हा प्रसंग पौलानेच गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे.

प्रश्न फक्त जेवणाचा नव्हता. सुंता आणि खाण्यापिण्याचे निर्बंध न पाळता माणूस देवापुढे ‘नीतिमान’ ठरतो का? पौल म्हणतो, ठरतो, ख्रिस्तावरील विश्वासाने. दाखला अब्राहामाचा. त्याला विश्वासामुळेच नीतिमान मानले गेले. नियमशास्त्र आले ते, पौलाच्या हिशेबाने, ४३० वर्षांनी! विशेष म्हणजे पौल स्वतः परूशी, म्हणजे नियमांबाबत काटेकोर पंथातला.

मग हवे तसे वागायला मोकळीक? नाही. खरा विश्वास प्रेमाच्या वागणुकीतून दिसतो, असे तोच पुढे बजावतो.

१६व्या शतकात मार्टिन ल्यूथरने हाच मुद्दा उचलला आणि पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले. कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी यावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्या थेट ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतील ऑग्सबर्गमध्ये. प्रभुभोजनाला मात्र दोन्ही चर्च अजून अधिकृतपणे एकत्र बसत नाहीत.