बॅटीच्या पोटातला डिंक

समजा तुम्ही पेण तालुक्यातील डोलवी गावात राहता. शाळेतल्या टेबल टेनिसच्या बॅटीचे रबर सुटले आहे आणि उद्या सामना आहे. तुम्ही काय कराल? "सायकलच्या दुकानातून पंक्चरचे सोल्यूशन आणू," असेच ना? थांबा! या उत्तरात खेळाच्या इतिहासातील एक मोठी गोष्ट दडलेली आहे, आणि एक धोकाही.

बॅट नीट पाहा. मध्ये लाकडी फळी, तिच्यावर स्पंज आणि स्पंजावर पातळ रबर. स्पंजाची करामत जगाने आपल्या मुंबईतच पाहिली. १९५२ साली तेथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चेंडूचा ओळखीचा 'टक्' आवाजच येईना! प्रतिस्पर्धी गोंधळले आणि सातो विजेता ठरला. पुढे १९५९ मध्ये नियम झाला, की स्पंज, रबर आणि डिंक मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. म्हणजे डिंकाचा थरही मोजमापात आला.

१९७० नंतरच्या दशकात खेळाडूंना कळले, की पंक्चरच्या सोल्यूशनने रबर चिकटवले तर चेंडू अधिक वेगाने सुटतो. युगोस्लाव्हियाचा शुर्बेक आणि हंगेरीचा क्लाम्पार यांच्या नावाशी ही युक्ती जोडली जाते.

असे का होते? एक प्रयोग करा. कागदाच्या फक्त एका बाजूला पाणी फासा. ओली बाजू पसरते, कोरडी पसरत नाही, म्हणून कागद वाकतो. सोल्यूशनमधील द्रावक स्पंजात शिरून त्याला असेच फुगवतो. पण स्पंज लाकडाला जखडलेला असल्यामुळे त्याला मोकळेपणी पसरता येत नाही. तो आणि वरचे रबर ताणलेल्या स्थितीत राहतात. चेंडू बॅटीला जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग टेकतो. तेवढ्यात ताणलेला स्पंज दबून झटकन उसळतो आणि चेंडूला वेग व फिरकी दोन्ही जास्त मिळतात.

मग यात वाईट काय? बॅट जितकी उसळी देणारी, तितकी हाताची लहानशी चूकही मोठी होते. शिवाय द्रावक उडून गेला की परिणाम ओसरतो. सकाळची बॅट संध्याकाळी तशीच राहत नाही, म्हणून खेळाडू प्रत्येक सामन्यापूर्वी पुन्हा डिंक लावीत. आणि मुख्य म्हणजे हा द्रावक उडून जातो तो आपल्या श्वासात! त्याची वाफ मेंदूला व फुप्फुसांना अपायकारक असते, शिवाय ती चटकन पेट घेते. बंद खोलीत अनेक खेळाडू असा डिंक लावीत बसले तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने २००८ मध्ये अशा द्रावकयुक्त डिंकांवर बंदी घातली.

आता पाण्यात मिसळलेला, रबराच्या चिकासारखा डिंक वापरतात. तो स्पंजाला फुगवीत नाही. त्यामुळे वेग थोडा कमी मिळतो, पण बॅट रोज सारखीच वागते आणि चेंडूवर ताबा राहतो. सुतारकामाचा पांढरा डिंक मात्र नको. तो वाळून कडक होतो आणि रबर काढताना स्पंज फाटतो.

डिंकाचा पातळ, एकसारखा थर स्पंजाला आणि लाकडाला लावा. ओला असताना तो पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. मगच रबर बसवा. डोलवीसारख्या खाडीकाठच्या गावी पावसाळ्यात हवा दमट असते आणि पाणी सावकाश उडते. तेथे घाई करू नका.

शेवटी परीक्षा घ्या. बॅट टेबलावर ठेवून ३० सेंटिमीटर उंचीवरून चेंडू वेगवेगळ्या जागी सोडा आणि उसळी मोजा. एखाद्या जागी आवाज बद्द आला, उसळी वेगळी भरली, तर तेथे हवेचा फुगा किंवा डिंकाची गाठ राहिली आहे असे समजा. तुमच्या बॅटीवर अशा किती जागा सापडतात?