लिलीचे पीक: पावसाळ्यातली पाने, हिवाळ्यातली फुले

पुण्याच्या फूलबाजाराचे रोजचे भाव पाहिले तर त्यात ‘लिली बंडल’ आणि ‘लिलियम’ अशी दोन नावे दिसतात. नावे जवळची असली तरी पिके वेगळी आहेत. लिली बंडल म्हणजे हारात व गजऱ्यात ओवल्या जाणाऱ्या लांब, पांढऱ्या कळ्यांची जुडी. या कळ्या स्पायडर लिलीच्या असतात. लिलियम हे पुष्पगुच्छातील मोठे फूल असून ते काड्यांच्या हिशेबाने विकले जाते. पालघर-डहाणू पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या वलसाड-नवसारी भागात उघड्या शेतात दिसते ती स्पायडर लिली. मुंबईत दादरच्या फूलबाजारात तिला वर्षभर मागणी असते.

या पिकातील अडचण ठरलेली आहे. पावसाळ्यात कळ्या भरपूर येतात आणि दर पडतात. दर पडले की खुरपणी मागे पडते आणि अळी दिसली तरी तिच्यावर खर्च करावासा वाटत नाही. पुढे हिवाळ्यात आवक घटून दर चढतात, तेव्हा काढायला पुरेशा कळ्या नसतात. याचे कारण कंदात आहे. ते समजले तर वर्षभराच्या कामांचा क्रम आपोआप लागतो.

लिली नेमकी कोणती?

रोपवाटिकेत ‘लिली’ म्हणून अनेक वनस्पती विकल्या जातात. खरेदीपूर्वी पुढील फरक लक्षात घ्यावा.

- स्पायडर लिली: पाने लांब, पट्ट्यासारखी व वर्षभर हिरवी. फुले पांढरी व सुवासिक, पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या बारीक. शेतीसाठी हीच योग्य.
- ॲमॅरिलिस लिली: मोठी, लाल किंवा केशरी, कर्ण्यासारखी फुले. बहर मुख्यतः उन्हाळ्यात.
- रेन लिली: गवतासारखी पाने, गुलाबी, पिवळी वा पांढरी लहान फुले. कोरड्या दिवसांनंतर पाऊस पडला की फुलते.
- फुटबॉल लिली: मे-जूनमध्ये येणारा लाल गोल गेंद. नंतर पाने वाढतात आणि पुढे सुकून जातात.
- लिलियम: खरी लिली हीच. कंदाला फुलण्यासाठी काही आठवडे २ ते ५ अंश सेल्सिअसचा थंडावा लागतो. आपल्याकडे वापरले जाणारे कंद बहुतांश नेदरलँड्समधून शीतप्रक्रिया होऊन येतात आणि शेडनेट किंवा पॉलिहाऊसमध्ये लावले जातात. मैदानी, उष्ण भागात तेच कंद जमिनीत ठेवून दुसऱ्या वर्षी तसे फूल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

पुढील माहिती स्पायडर लिलीबद्दल आहे. परसबागेतील ॲमॅरिलिस व रेन लिलीलाही निचरा आणि पाने जपण्याचे नियम लागू पडतात.

कंद फुलतो कसा?

लिलीचा कंद कांद्यासारखा पदरांचा बनलेला असतो. प्रत्येक पदर म्हणजे पानाचा जाड झालेला तळ. पाने उन्हात अन्न तयार करतात, ते या पदरांत साठते आणि त्याच साठ्यावर फुलदांडा वर येतो. याच कुळातील ॲमॅरिलिसमध्ये साधारण चार पाने तयार झाली की कंदाच्या आत एक फुलदांडा जन्म घेतो आणि तो बाहेर दिसेपर्यंत जवळपास वर्ष जाते. मधल्या काळात साठा कमी पडला तर तो कोवळा दांडा आतच सुकतो. बाहेरून आपल्याला काहीच कळत नाही, फक्त फुले कमी येतात.

म्हणून या पिकात पान हे भांडवल आहे. आज अळीने खाल्लेले किंवा विळ्याने कापलेले पान पुढच्या काही महिन्यांतील कळ्या घेऊन जाते. स्वच्छतेसाठी हिरवी पाने कापू नयेत. पूर्ण पिवळी पडलेली किंवा रोगट पानेच काढावीत.

जमीन व लागवड

मध्यम, पाण्याचा चांगला निचरा होणारी, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली जमीन निवडावी. स्पायडर लिली मूळची उष्ण प्रदेशातील, पाण्याच्या काठाने वाढणारी असल्याने ओल सोसते. मात्र भारी जमिनीत दिवसेंदिवस पाणी साचले तर कंद सडतात. अशा ठिकाणी गादीवाफ्यावर किंवा वरंब्यावर लागवड करावी. नारळाच्या किंवा नव्या फळबागेतील विरळ सावलीत पीक येते. दाट सावलीत पाने लांबतात, पण फुले कमी मिळतात.

मे महिन्यात जमीन उभी-आडवी नांगरून एकरी ८ ते १० टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर वाफसा आल्यावर लागवड करावी. निरोगी, घट्ट, लिंबापेक्षा मोठे कंद निवडावेत. लहान पिल्ले लावली तर पहिले वर्ष वाढीतच जाते. अशी पिल्ले वेगळ्या वाफ्यात वाढवावीत. लागवडीपूर्वी कंद ट्रायकोडर्माच्या द्रावणात (१० ग्रॅम प्रति लिटर पाणी) १५ ते २० मिनिटे बुडवून सावलीत निथळू द्यावेत.

अंतर ६० × ६० सेंटिमीटर ठेवल्यास एकरी सुमारे ११ हजार कंद लागतात. ठोंब पाच-सहा वर्षे एकाच जागी ठेवायचा असल्यास ९० × ६० सेंटिमीटर अंतर सोयीचे असते. त्यासाठी एकरी सुमारे साडेसात हजार कंद पुरतात. कंदाची मान जमिनीच्या पातळीला राहील इतकेच खोल लावावे.

हंगामनिहाय काळजी

*पावसाळा (जून ते सप्टेंबर)*

कळ्यांचा मुख्य बहर हाच. दर कमी असले तरी पुढील बहराची तयारी याच चार महिन्यांत होते, कारण उष्ण व दमट हवेत नवी पाने सर्वाधिक येतात.

- जूनच्या सुरुवातीला चर मोकळे करावेत. पाऊस थांबल्यावर काही तासांत सरीतील पाणी ओसरले पाहिजे.
- नत्र एकदम देऊ नये. मुसळधार पावसात ते वाहून जाते. माती परीक्षणानुसार ठरलेली वर्षाची नत्राची मात्रा चार समान भागांत विभागावी: जून, ऑगस्ट, ऑक्टोबर व फेब्रुवारी. स्फुरद पूर्ण आणि पालाश निम्मे जूनमध्ये द्यावे. उरलेले पालाश ऑक्टोबरमध्ये द्यावे.
- गणपतीपूर्वी एक खुरपणी पूर्ण करावी. तण वाढले की अळी वेळेवर दिसत नाही.
- मजुरी परवडत नाही म्हणून कळ्या सोडून दिल्या, तरी सुकलेले दांडे तळाशी कापून टाकावेत. बी धरण्यात कंदाचे अन्न खर्च होते.

*ऑक्टोबरची उष्णता*

पाऊस थांबताच वरची माती झपाट्याने वाळते. पहिले पाणी लांबवू नये. या वेळी खताचा हप्ता द्यावा आणि पावसाने उघड्या पडलेल्या कंदांना मातीची भर लावावी. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेतात तिरके चालत २० ठोंब तपासावेत. प्रत्येक ठोंबातील किती पाने अखंड आहेत ते मोजून वहीत लिहावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हिवाळ्यातील कळ्यांच्या संख्येशी ताडून पाहिल्या, तर आपल्या शेतापुरता अंदाज बांधता येतो. कृषी सहायकांनी शेतीशाळेत ही नोंद करून दाखवावी. पान आणि फूल यांचा संबंध त्यातून लगेच पटतो.

*हिवाळा (नोव्हेंबर ते जानेवारी)*

थंडी वाढली की नवी पाने मंदावतात आणि दांडेही कमी येतात. किनारपट्टीवर थंडी सौम्य असल्याने तिथे थोडेफार उत्पादन चालू राहते आणि तेच चांगल्या दराने विकले जाते. देशावर व विदर्भात कडक थंडीच्या दिवसांत बहर जवळपास थांबतो. तिथे हिवाळी उत्पन्नावर हिशेब मांडू नये.

जमिनीच्या मगदुरानुसार ८ ते १० दिवसांनी सकाळी पाणी द्यावे. जास्त पाणी व जास्त नत्र देऊन थंडीत फुले ओढता येत नाहीत. कंद फक्त साठवलेले अन्न खर्च करतो, म्हणून पावसाळ्यातील कसर डिसेंबरच्या खताने भरून निघत नाही.

*उन्हाळा (फेब्रुवारी ते मे)*

फेब्रुवारीत खताचा शेवटचा हप्ता व ठोंबाला एक-दोन किलो कंपोस्ट द्यावे. भाताचा पेंढा, उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत यांचे आच्छादन करावे. ४ ते ६ दिवसांनी पाणी द्यावे. ठिबक असल्यास रोज थोडे पाणी देणे चांगले. पानांची टोके करपणे हे उन्हाळ्यात पाणी कमी पडल्याचे लक्षण असते. मात्र पाणी पुरेसे असूनही करपा वाढत असेल, तर विहिरीच्या पाण्याची क्षारता तपासून घ्यावी.

किडी व रोग

लिलीची अळी: या पिकाची सर्वांत नुकसानकारक कीड. पतंग पानाच्या मागच्या बाजूला समूहाने अंडी घालतो. काळ्या अळीवर पांढरे व लालसर ठिपके असतात. लहान अळ्या एका पानावर गोळा होऊन खातात, मोठ्या झाल्यावर पांगतात आणि ठोंब मानेपर्यंत फस्त करतात. कोष मातीत असतो.

लहान अळ्या एकत्र असतात, ते दोन-तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या पावसानंतर आठवड्यातून दोनदा फेरी मारावी. अंड्यांचे पुंजके व लहान अळ्या असलेले पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावे. प्रादुर्भाव सुरू होताना ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. मोठ्या अळ्यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, त्या वेचूनच काढाव्यात. रासायनिक कीटकनाशक वापरण्यापूर्वी त्याचे लेबल वाचावे आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. या कळ्या मजूर रोज हाताळतात आणि माळा अंगावर घातल्या जातात, याचे भान ठेवावे.

तांबूस ठिपके: बुरशीमुळे पानांवर व दांड्यांवर लालसर तपकिरी ठिपके पडतात. पाण्याच्या शिंतोड्यांतून रोग पसरतो. रोगट पाने काढून जाळावीत, तुषार सिंचन टाळावे व ठोंबांत हवा खेळती ठेवावी.

कंदकूज: पाने पिवळी पडून सहज उपटली जातात, कंद मऊ व दुर्गंधीयुक्त होतो. असा ठोंब मातीसह काढून शेताबाहेर न्यावा. रिकाम्या जागी लगेच लिली लावू नये. एकरी २ ते २.५ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो शेणखतात मिसळून दिल्यास प्रतिबंध होण्यास मदत होते.

काढणी व बाजार

स्पायडर लिली संध्याकाळी उमलते. उमललेल्या फुलाला हारासाठी किंमत नाही, म्हणून पूर्ण लांबीची, पांढरी, फुगलेली पण बंद कळी तोडावी. हिरवट कळी तोडली तर ती नंतर नीट पांढरी होत नाही. एका दांड्यावरील कळ्या क्रमाने तयार होतात, त्यामुळे रोज फेरी करावी लागते. बाजारात पोहोचण्याची वेळ लक्षात घेऊन सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर तोडणी करावी.

कळ्या सावलीत पसरून वरचे पाणी निथळू द्यावे. मग सारख्या लांबीच्या कळ्यांच्या जुड्या बांधाव्यात. ओल्या कळ्या प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत भरल्यास उष्णतेने तपकिरी पडतात. हवा खेळणारी टोपली व ओलसर गोणपाट वापरावे.

ठोंब फोडणे

पाच-सहा वर्षांत ठोंबात कंदांची गर्दी होते. पाने भरपूर पण दांडे कमी व कळ्या आखूड दिसू लागल्या की मे महिन्यात ठोंब खणून काढावेत. मोठे कंद नव्या लागवडीला घ्यावेत आणि पिल्ले वाफ्यात लावावीत. सगळा प्लॉट एकाच वर्षी न फोडता दरवर्षी पाचवा हिस्सा फोडावा, म्हणजे उत्पन्न कधीच पूर्ण थांबत नाही.

लिलीचे कंद विषारी असतात. खोदलेले कंद बांधावर किंवा गोठ्याजवळ टाकू नयेत. गुरे खाऊ शकतात आणि लहान मुले कांदा समजून तोंडात घालू शकतात. नको असलेले कंद खोल खड्ड्यात पुरावेत.

नवीन लागवड करणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी १० गुंठ्यांवरच लागवड करावी आणि रोज तोडणीला माणूस मिळतो का, सकाळच्या बाजाराला माल वेळेत पोहोचतो का, हे आधी पाहावे. कंद दरवर्षी वाढतातच, क्षेत्र घरच्या कंदांवर वाढवता येते. जुन्या प्लॉटवाल्यांनी येत्या पावसाळ्यात एक काम चुकवू नये: दर कितीही पडला तरी आठवड्यातून दोनदा पानांची मागची बाजू पाहावी.