छत गळतंय आणि घरात पाहुणे

ज्यांनी हा भाग ऐकला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे अर्धवट ऐकला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलले तेच आहे, फक्त मधल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.

आजचा विषय गळती. केसांची नाही, छताची.

एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. वर्षभर छत कोरडं ठणठणीत असतं. आणि गणपतीत, दिवाळीत, मे महिन्याच्या सुट्टीत, म्हणजे घर माणसांनी भरलं की नेमकं टपटप सुरू होतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आत्ताच व्हायचं होतं का हे?" तर हो, आत्ताच व्हायचं होतं. त्याला कारण आहे. आणि ते कारण कळलं, तर पाणी कुठून येतंय हे बऱ्याचदा प्लंबर यायच्या आधीच सापडतं. सणात प्लंबर गावी गेलेला असतो, त्यामुळे याचा उपयोग तेव्हाच जास्त.

आधी थोडं मेकॅनिक्स. वरच्या घरातून आपल्याकडे पाणी यायचे मुख्य रस्ते तीन. एक, नळाची लाईन. यात पाणी कायम दाबाखाली असतं. गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर 10 मीटरला साधारण 1 बार दाब वाढतो, म्हणून खालच्या मजल्यांवर पाईपच्या जोडांवर ताण जास्त. ही लाईन फुटली, तर कुणी नळ उघडो न उघडो, पाणी चालू आहे तोवर गळत राहतं. दोन, सांडपाण्याची लाईन, म्हणजे नाहणी ट्रॅप, बेसिनचा पाईप, कमोडचा पाईप. ही फक्त वापरल्यावर गळते. तीन, फरशी. टाइल्सच्या फटी, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. इथून पाणी झिरपतं ते निवांत, तासातासांच्या उशिराने. पावसाळ्यात चौथा रस्ता बाहेरच्या भिंतीचा, पण तो आज सोडून देऊ.

थोडक्यात, प्रत्येक गळतीचं स्वतःचं टाइमटेबल असतं. ते लिहून काढायचं. बस.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते. आम्ही डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. गेल्या दिवाळीला साताऱ्याहून आत्या आणि नागपूरहून काका-काकू आले होते, मुलांसकट. घरात दहा माणसं. नरक चतुर्दशीला सकाळी पावणेसातला पॅसेजमधल्या दिव्याच्या पॉइंटमधून पाण्याचा थेंब थेट फराळाच्या ताटात. चकलीवर.

इथे पहिला नियम. दिव्यातून, पंख्याच्या हुकातून किंवा स्विचबोर्डातून पाणी येत असेल तर बादली नंतर, आधी त्या भागाचा एमसीबी खाली. ओल्या हातांनी नाही. कुठला एमसीबी कशाचा हे माहीत नसेल तर सरळ मेन बंद करा. घरात आरसीसीबी असेल तर तो 30 मिलीअँपिअरइतका करंट गळला की स्वतःहून पडतो, पण जुन्या बिल्डिंगमध्ये तो असेलच असं धरून चालू नका.

पाणी दिव्यातूनच का आलं? कारण स्लॅबमध्ये वायरिंगचे पाईप गाडलेले असतात. वर कुठेतरी मुरलेलं पाणी त्या पाईपात शिरतं आणि मस्त प्रवास करत सर्वात सोप्या भोकातून बाहेर पडतं. म्हणून डाग जिथे दिसतो, बरोबर त्याच्या वर बिघाड असेलच असं नाही. आमच्या पॅसेजच्या वर बाथरूम नव्हतंच. ते चार फूट बाजूला.

एक घरगुती युक्ती आत्याची. ठिबकणाऱ्या जागी सुतळीचा तुकडा चिकटवून तिचं टोक बादलीत सोडलं. पाणी सुतळीवरून गुपचूप खाली. टपटप आवाज बंद, शिंतोडे बंद. रंगाला फुगा आला असेल तर वीज बंद केल्यावर त्याला टाचणीने भोक पाडून पाणी काढून घ्यायचं, नाहीतर तो फुगा हात-दीड हात पसरतो आणि सगळा पापुद्रा घेऊन खाली येतो.

तर आमचे काका. काका म्हणाले, "वरच्यांना सांगून ये, नळ बंद ठेवा म्हणावं. आत्ताच्या आत्ता." बाबांचंही तेच मत. चुकीचं काही नव्हतं त्यात, छत आमचं गळत होतं.

पण वर कोण राहतं? एक आजी. वय 78, एकट्या. वर्षभर त्यांच्या घरात दिवसाला दोन बादल्या पाणी लागत असेल. आणि त्या दिवाळीला तीन वर्षांनी त्यांची लेक, जावई आणि नातवंडं बेंगळुरूहून आली होती. मी वर गेले तेव्हा आजींना कळलं होतंच, जिन्यात आवाज जातो. त्या दारातच म्हणाल्या, "अगं, मी पोरांना सांगितलंय, आता आंघोळी नकोत. जावईबापूंनाही म्हटलं, हॉटेलात खोली बघा." मागे त्यांची लेक काहीच न बोलता बॅगेत टॉवेल भरत होती.

मी म्हटलं, आजी, संध्याकाळपर्यंत थांबा. मला एक दिवस द्या.

आता हिशोब बघा. वर सहा माणसं. पहाटे पावणेपाचपासून अभ्यंगस्नान. माणशी दोन बादल्या, बादली 16 लिटरची धरली तर 190 लिटरच्या वर पाणी दीड-दोन तासांत एकाच नाहणीतून गेलं. एरवी तिथून दिवसभरात मिळून 32 लिटर जातं. त्यात तेल आणि उटणं. उटण्यात मुलतानी माती, चंदन, आंबेहळद, नागरमोथा. यातलं फारसं काही पाण्यात विरघळत नाही. ते तेलात आणि केसांत कालवलं जातं आणि नाहणी ट्रॅपच्या वाटीत चिखल होऊन बसतं. मग पाणी हळू उतरतं, फरशीवर तुंबतं, आणि एरवी ज्या फटीपर्यंत पाणी कधी पोचतच नाही त्या फटीवर तासभर उभं राहतं. फट वर्षानुवर्षांची. पाहुण्यांनी ती पाडलेली नसते, पाहुण्यांमुळे ती दिसते.

(ट्रॅपवरून आठवलं. त्या वाटीत साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साठलेलं असतं आणि त्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. पाहुण्यांचं बाथरूम महिनोन्‌महिने बंद असेल तर ते पाणी उडून जातं. आठवड्याला एक तांब्या ओतत जा.)

मी काय केलं? फोनचा स्टॉपवॉच लावून एका मिनिटात किती थेंब पडतात ते मोजलं आणि नोट्समध्ये वेळेसकट लिहिलं. डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून बाजूला वेळ टाकली, म्हणजे डाग वाढतोय की नाही ते कळतं. सकाळी आठला मिनिटाला 42 थेंब. दुपारी दोनला 11. तोवर वर कुणी आंघोळ केली नव्हती, पण कमोड आणि बेसिन चालू होतं, आणि तरी आकडा खालीच आला. आमच्या सोसायटीत संध्याकाळी सहा ते नऊ पुन्हा पाणी सोडतात. खरी परीक्षा ती होती. नळाची लाईन फुटलेली असती तर सहानंतर आकडा वर गेला असता. नऊ वाजता मोजले, 6 थेंब. म्हणजे प्रेशरची लाईन सुटली, कमोड आणि बेसिनही जवळपास सुटले. उरली नाहणी आणि फरशी.

इथे एक धोक्याची सूचना. बऱ्याच बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो कोबा स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. त्यामुळे वरचं पाणी बंद केलं तरी खाली एक-दोन दिवस ठिबकत राहू शकतं. "नळ बंद करूनही गळतंय, म्हणजे वरच्यांचं नाहीच" असा निकाल दहा मिनिटांत लावू नका. थेंब थांबला का ते बघायचं नाही, आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाची परीक्षा. आजींच्या परवानगीने. दिवाळीच्या घरात खाण्याचा केशरी रंग असतोच. (फरशीच्या फटींना तो थोडा लागतो, आधी सांगून ठेवा.) ताईंनी आधी ट्रॅपमधला चिखल हाताने काढला. मग रंगाचं पाणी तांब्याने हळूहळू थेट ट्रॅपमध्ये ओतलं, फरशी ओली न करता. दोन तास थांबलो. खाली स्वच्छ थेंब, तेही मिनिटाला 3. म्हणजे ट्रॅपच्या खालचा पाईप ठीक होता. मग ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत कापड भरून बंद केलं आणि भोवती इंचभर रंगीत पाणी उभं केलं. दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या सुतळीवरून केशरी पाणी उतरलं. आजींचा नातू जिना उतरत-चढत ओरडत होता, "आलं, केशरी आलं!" अख्ख्या मजल्याला वाटलं जिलेबी आली.

निदान झालं. ट्रॅपची जाळी आणि टाइल यांच्यामधला जोड सुटला होता. पाईप नाही, सगळं बाथरूम नाही, वीतभर जागा. आणि आजींच्या घरात दुसरं बाथरूम होतं, बेडरूमला लागून. त्याच्याखालचं आमचं छत कोरडं. म्हणजे एक बाथरूम आंघोळीला बंद, दुसरं चालू. हॉटेलची खोली रद्द. पाडवा, भाऊबीज दोन्ही घरांत नीट झाली. काकांनी वर जाऊन जावयांना चकली दिली, त्या ताटातली नाही.

आता पैशांचं. खर्च कुणाचा, यावरून महाराष्ट्रात जेवढी भांडणं होतात तेवढी पार्किंगवरूनच होत असतील. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची विभागणी अशी आहे: पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाईपलाइनची आणि ड्रेनेज लाइनची गळती संस्थेच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-सिंकची गळती त्या सभासदाच्या खर्चाने. म्हणून वरची परीक्षा महत्त्वाची. पाणी नक्की कुठून आलं यावर कुणाच्या खिशातून जाणार ते ठरतं. फोटो, व्हिडिओ, वेळा जपून ठेवा, सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर तमाशा करू नका. घराचा विमा असेल तर 'भारत गृह रक्षा'सारख्या पॉलिसीत पाईप किंवा टाकी फुटल्याचं नुकसान येतं, पण वर्षानुवर्षं झिरपलेल्या ओलीला सहसा भरपाई मिळत नाही.

आणि "थोडीशी ओल आहे, चालतंय" असं म्हणून सोडू नका. 20 थेंबांचा साधारण 1 मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर, आणि नळाचा थेंब त्याहून मोठा असतो. तेवढं पाणी रोज स्लॅबमधून गेलं की आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, सळई फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते. आधी तडा, मग पोपडे, आणि एक दिवस ढलपा डोक्यावर. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायचं असतं. तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं, विचारा एकदा.

आमचा प्लंबर तुळशीच्या लग्नानंतर उगवला. ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स काढल्या, नवा ट्रॅप बसवला, वॉटरप्रूफिंगचा थर दिला. टाइल्स बसवायच्या आधी त्याला एकच अट घातली होती: तोंड बंद करून 24 तास पाणी उभं ठेवायचं. तो कुरकुरला, पण ठेवलं. खाली थेंब नाही. खर्च आजींनी दिला. आमच्या पॅसेजच्या रंगाचेही देत होत्या, ते बाबांनी घेतले नाहीत.

रंगाची मात्र घाई करू नका. ओल्या छतावर पुट्टी आणि रंग मारला की आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, लोणा लागतो आणि दोन महिन्यांत सगळं सोलून निघतं. सोपी परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आतून दव धरलं असेल तर अजून थांबायचं. आमचा तुकडा दोनदा ओला निघाला. तिसऱ्यांदा, डिसेंबर संपता संपता, कोरडा. मग पेंटरला फोन केला.