मेलेल्या किडींपलीकडची मोजणी

उत्तर प्रदेशात उसावर शेंडेकीड वाढली की नव्या कीटकनाशकाची मागणी होते. १९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणीपूर्वी औषधाची परिणामकारकता आणि माणसे व जनावरांसाठीची सुरक्षितता तपासली जाते. प्रशासनात असताना चाचण्यांच्या अहवालांत मी प्रथम फवारणी न केलेल्या वाफ्याचे आकडे पाहत असे. त्या तुलनेविना यशाचा दावा पोकळ ठरतो.

मात्र मेलेल्या किडी मोजणे पुरेसे नाही. उसाचा अलीकडचा इतिहास तेच सांगतो. २००२पासून महाराष्ट्र व कर्नाटकात फैलावलेला लोकरी मावा आवरण्यात, त्यावर जगणाऱ्या डिफा या मित्रकीटकाचा मोठा वाटा होता. म्हणून फवारणीनंतर उरलेले मित्रकीटक आणि हाती आलेले ऊसउत्पादन यांचे आकडेही प्रादेशिक भाषांत गावोगावी जाहीर व्हावेत. खर्च वसूल होईल का, हे शेतकऱ्याला बाटली घेण्यापूर्वीच कळले पाहिजे.