उपवनाच्या कांठानें

सहल म्हटली कीं शहरांतल्या कुटुंबाच्या डोळ्यांपुढें मोटारीची व्यवस्था, डब्यांचा खटाटोप आणि पहांटेची धांवपळ हीं आधीं उभीं राहतात. पायीं फिरणें म्हणजे एक तर वैद्यानें सांगितलेलें पथ्य, नाहीं तर गड चढणाऱ्या तरुणांचा छंद, अशी समजूत रूढ झाली आहे. या दोहोंच्या मध्यें फिरण्याचा एक तिसरा प्रकार आहे. तो म्हणजे पाण्याच्या कडेनें, धांप न लागतां, आजूबाजूस पाहत चालणें. श्रोत्यांपैकीं ज्यांचें घर ठाण्याच्या वर्तकनगर भागांत आहे त्यांना हें सुख दाराशींच उपलब्ध आहे. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं पसरलेला उपवन तलाव हें त्याचें ठिकाण.

ठाणें हें तलावांचेंच शहर. कोपिनेश्वराच्या देवळाजवळचा मासुंदा तलाव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु मासुंद्याच्या चहूंकडे गजबजलेली वस्ती आहे. उपवनाच्या एका बाजूस शहर, तर दुसऱ्या बाजूस थेट डोंगर आहे. या डोंगराचा आणि तलावाचा संबंध लक्षांत घेतला म्हणजे येथील फिरण्यास वेगळाच अर्थ येतो. ठाण्यावर वर्षांत सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सगळा पावसाळ्याच्या चार महिन्यांतच पडतो. येऊरच्या उतारावर पडलेलें पाणी कांहीं जमिनींत मुरतें, कांहीं ओहोळांनीं खालीं येतें. झाडी दाट असेल तर सरींचा मार पानें झेलतात, पालापाचोळा पाणी थोपवून धरतो, आणि ओहोळ संथ व निवळ वाहतात. तोच उतार उघडा पडला कीं पाणी मातीसकट धांवत सुटतें व तलावाचा तळ गाळानें भरूं लागतो. तलावाचें आयुष्य अशा रीतीनें डोंगरावरच्या झाडीवर अवलंबून असतें.

वर्तकनगराकडून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याचें पोखरण हें नांवहि पाण्याशीं नातें सांगणारें आहे. संस्कृतांतील पुष्करिणी या शब्दाच्या कुळांतलें तें दिसतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ठाणें शहर याच भागांतल्या तलावाचें पाणी पीत असे. त्याच सुमारास या डोंगररांगेच्या पलीकडल्या अंगाला मुंबईसाठीं विहार तलाव १८६० मध्यें व तुळशी तलाव १८७९ मध्यें बांधून पुरे झाले. ते दोन्ही आजहि मुंबईला पाणी देतात, आणि म्हणूनच त्यांच्या कांठीं वाटेल त्याला वाटेल तेव्हां फिरतां येत नाहीं. ठाण्याच्या नळाला मात्र आतां उल्हास व भातसा या नद्यांचें पाणी येतें. उपवनाचें पाणी पिण्याचें राहिलें नाहीं, आणि त्याचा कांठ सर्वांस मोकळा झाला.

येथील पहिली वाट सर्वांत सोपी. वर्तकनगराच्या नाक्यापासून पोखरण रस्त्यानें तलावापर्यंतचें अंतर सुमारें दीड-दोन किलोमीटर आहे. तें वाहनानें न जातां पायींच जावें. रस्ता वर्दळीचा असला तरी डोंगर समोर हळूहळू मोठा होत जातांना पाहणें हा या वाटेचा लाभ आहे.

दुसरी वाट तलावाच्या कांठची. ती सपाट आहे. लहान मुलें, वृद्ध आणि आजारांतून नुकतीं उठलेलीं माणसें यांना ती विशेष सोयीची. डोंगर तलावाच्या पश्चिमेस असल्यामुळें सूर्य त्याच्याआड लौकर जातो व उन्हाळ्यांतहि संध्याकाळची सांवली कांठावर लौकर उतरते. उलट सकाळीं कोवळें ऊन शहराच्या बाजूनें येऊन थेट डोंगरावर पडतें, त्या वेळीं उतारावरचें झाडन् झाड वेगळें दिसतें. पाण्याकडे लक्ष ठेवणाऱ्यास खंड्या, बगळा, पाणकावळा हे पक्षी ओळखूं येण्यास फार दिवस लागत नाहींत.

तिसरी वाट येऊरच्या चढाची. तलावाजवळून निघालेला डांबरी रस्ता वळणें घेत वनखात्याच्या नाक्यावरून येऊर गांवाकडे चढतो. चढ बेताचा आहे. शिवाय जेथें दम लागेल तेथून परतण्यास कोणाची हरकत नाहीं. माघांत-फाल्गुनांत पळस, पांगारा व कांटेसावर यांचीं लाल-केशरी फुलें येथें बहरतात, वैशाखांत करवंदें पिकतात. या डोंगररांगेंतील कारवी साधारणतः आठ वर्षांनीं एकदां फुलते. ती २०१६ व २०२४ सालीं बहरली होती. त्या हिशेबानें आज लहान असलेल्या मुलांना पुढचा बहर २०३२ च्या सुमारास पाहावयास मिळेल.

या तिसऱ्या वाटेवर मात्र एक मर्यादा पाळली पाहिजे. हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सुमारें १०३ चौरस किलोमीटरच्या या उद्यानांत बिबट्यांची वस्ती आहे आणि बिबट्याचा संचार मुख्यतः अंधारांत असतो. म्हणून नाक्यावरचे नियम पाळावे, दिवस मावळण्यापूर्वीं खालीं यावें, मुलांना एकटें पुढें धांवूं देऊं नये. खाण्याचें उष्टें-खरकटें टाकून येणें तर सर्वथा वर्ज्य समजावें. खरकट्यामागें कुत्रीं येतात आणि कुत्र्यांमागें बिबट्या, हा क्रम अनेकदां अनुभवास आलेला आहे.

आतां मुख्य प्रश्न उरतो तो तलावाच्या राखणीचा. शहर हें पाणी पीत होतें तोंवर तें स्वच्छ ठेवण्यांत प्रत्येक घराचा स्वार्थ होता. नळ दुसरीकडून आला आणि तो स्वार्थ सरला. पाण्यांत टाकलेलें निर्माल्य व अन्न कुजतांना पाण्यांतला प्राणवायु खर्ची पडतो. मग मासे पहांटे पृष्ठभागावर येऊन तडफडूं लागतात, शेवाळ माजतें, दुर्गंधि सुटते. गणेशविसर्जनासाठीं वेगळे कृत्रिम तलाव करण्याची चाल पडली आहे ती याच कारणास्तव, आणि घरोघरीं ती मनापासून स्वीकारली जाणें इष्ट आहे.

पूर्वींच्या स्वार्थाची जागा आतां परिचयच घेऊं शकेल. जें कुटुंब आठवड्यांतून दोनदां या कांठानें फिरतें त्याला पाणी कधीं गढूळ झालें, कोणत्या ओहोळाच्या तोंडाशीं कचरा अडकला, डोंगराचा कोणता तुकडा गेल्या वर्षीं हिरवा होता व यंदा उघडा पडला, हें इतरांच्या आधीं कळतें. तें वेळींच महानगरपालिकेस वा वनखात्यास कळविणें हें फिरण्याच्या सुखाचें अल्पसें मोल होय. ज्या मुलाला आजोबांच्या हातास धरून या कांठच्या खंड्याची ओळख झाली आहे, त्याला हें निराळें शिकवावें लागणार नाहीं.