एकच नंबर, सेहेचाळीस पानं

आमच्या वाचनालयाचा फोन नंबर बदलला, तेव्हा वेबसाइटवरचा जुना नंबर काढायला मी बसलो. पानं ४६, आणि प्रत्येकाच्या तळाशी पत्ता, वेळ, नंबर. जुना नंबर शोधून सगळीकडे एकदम बदलण्याची सोय एडिटरमध्ये असते. ती वापरली आणि निर्धास्त झालो. पंधरा दिवसांनी एक आजोबा थेट दारात आले. ‘चार दिवस फोन लावतोय, कुणी उचलतच नाही,’ म्हणाले. त्यांनी नंबर घेतला होता बालविभागाच्या पानावरून. ते पान कुणीतरी नंतर हाताने तयार केलं होतं आणि तिथे नंबर देवनागरी आकड्यांत होता. कॉम्प्युटरच्या लेखी ‘२’ आणि इंग्रजी दोन ही वेगळी अक्षरं, त्यामुळे शोधात ते पान आलंच नाही. अशी आणखी दोन निघाली.

स्टॅटिक वेबसाइट म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानांचा गठ्ठा. कुणी पान मागितलं की सर्व्हर ते उचलून देतो, मागे डेटाबेस नसतो. म्हणून ती वेगवान, स्वस्त आणि सहसा न बिघडणारी. छोट्या संस्थेला यापेक्षा चांगला पर्याय मला माहीत नाही. अडचण एकच. शीर्षपट्टी, मेनू, तळपट्टी हे सगळं प्रत्येक पानात पुन्हा लिहिलेलं असतं.

यावर उपाय शोधणं जुनंच आहे. १९९६च्या नेटस्केप २.० या ब्राउझरमध्ये फ्रेम आल्या. खिडकीचे भाग पाडून एका भागात मेनू कायम ठेवायचा. पण आतलं पान बदललं तरी वरचा पत्ता तोच राहायचा, त्यामुळे नेमकं पान कुणाला पाठवता येईना. पुढे एचटीएमएल ५ने फ्रेमसेट बादच केला. अपाचीसारख्या सर्व्हरवर ‘सर्व्हर साइड इन्क्लुड’ होतं. पानात एक ओळ लिहायची, आणि पान देताना सर्व्हर त्या जागी दुसरी फाइल जोडणार.

टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये आणलेल्या जेकिल या साधनाने ही जोडणी आपल्याच कॉम्प्युटरवर, पान सर्व्हरवर चढवण्याआधी होईल अशी सोय केली. तळपट्टीची फाइल ‘इन्क्लुड्स’ फोल्डरमध्ये एकदाच ठेवायची. साइट बांधताना ती प्रत्येक पानात जाऊन बसते. आम्ही वापरतो त्या ह्यूगो या तशाच साधनात अशा तुकड्याला पार्शल म्हणतात. पानाभोवतीची चौकट म्हणजे लेआउट, आणि चौकटीत किंवा पानात हवा तिथे बसतो तो तुकडा.

खरी गंमत तुकड्याला माहिती पुरवण्यात आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासूनचा मजकूर तयारच असतो. ‘चि.’च्या पुढे एक नाव, ‘चि. सौ. कां.’च्या पुढे दुसरं, मग मुहूर्त आणि स्थळ, एवढंच भरायचं. आमच्या ‘नवी पुस्तकं’ पानावरचं कार्ड असंच आहे: मुखपृष्ठ, नाव, लेखक, कपाट क्रमांक. ह्यूगोत मात्र तुकड्याच्या हाती द्याल तेवढंच त्याला कळतं. चालू पान द्यायचं तर तुकड्याच्या नावापुढे एक टिंब टाकावं लागतं. ते विसरलं की पानाचं शीर्षक तुकड्यापर्यंत पोहोचतच नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्या टिंबात गेली. दुसरी गेली बोधचिन्हाच्या फाइलचा मार्ग लिहिण्यात. साइटच्या पहिल्या पानावर चित्र नीट दिसे, आतल्या फोल्डरमधल्या पानांवर गायब. तुकडा कुठल्या पानात बसणार हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून त्यातले मार्ग साइटच्या मुळापासून लिहावे लागतात.

एकदा हात बसला की जे सारखं दिसेल त्याचा तुकडा पाडावासा वाटतो. पुस्तकाचं कार्ड आणि कार्यक्रमाचं कार्ड सारखं दिसतं म्हणून मी दोन्ही एकत्र केली. मग कार्यक्रमाला तारीख हवी, पुस्तकाला नको. कार्यक्रम होऊन गेला तर फिका रंग, पुस्तक कुणी नेलेलं असेल तर वेगळी खूण. दर महिन्याला एक ‘जर’ वाढत गेला आणि शेवटी त्या फाइलला हात लावायची भीती वाटू लागली. मी दोन कार्डं पुन्हा वेगळी केली. त्यांत काही ओळी अगदी सारख्या आहेत, आणि त्या तशाच राहू देत. अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकात पुनरावृत्ती टाळायला सांगितलं, ते माहितीबद्दल. दिसायला सारख्या ओळींबद्दल नव्हे. एकाच कारणाने एकाच वेळी बदलतं ते एकत्र असावं. पुस्तकं आणि कार्यक्रम वेगवेगळ्या कारणांनी बदलतात.

त्याच न्यायाने फोन नंबर तळपट्टीच्या तुकड्यात ठेवणंही पुरेसं नव्हतं. संपर्काच्या पानावर तो एका वाक्यात येतो, सभासद अर्जाच्या पानावर आणखी कुठेतरी. म्हणून नंबर, पत्ता आणि वेळ यांची एक छोटी माहितीची फाइल केली, आणि सगळे तुकडे माहिती तिथूनच घेतात.

परवा उन्हाळ्याची वेळ लागू झाली. ग्रंथपाल बाईंनी त्या फाइलमधली एक ओळ बदलली, साइट पुन्हा बांधली, आणि पहिल्यांदा बालविभागाचं पान उघडून तळाशी पाहिलं.